पांढऱ्या सावरीची चाळीस झाडं

उकंडरावांनी ते जाकीट माझ्या पुढ्यात टाकलं तेव्हा मी भाकरीनंतरचा अर्धा विडा गालात धरून सरकी काढलेल्या रुईच्या ढिगाजवळ उभा होतो. खामगावात समुद्र नाही. समुद्र सोडा, वैशाखात विहिरींनाही पाणी नसतं. अशा गावात, तेही जिनिंगच्या आवारात, बोट बुडायला लागल्यावर माणसाने अंगात चढवायचं जाकीट येऊन पडावं ही गंमतच होती, आणि भोवतीची माणसं हसलीही. उकंडराव मूळचे वडनेर भोलजीचे, भाजीपाल्याच्या घरातले. आता इथे गाद्या-उशांचं दुकान चालवतात आणि जिथे कोणी हात घालत नाही तिथे आधी हात घालतात. लढाई संपल्यावर सरकारने मुंबईत जुन्या सामानाचा लिलाव मांडला, त्यातून त्यांनी अशी दोनशे जाकिटं उचलून आणली होती.

"निवृत्तीराव, पाहा बरं हे काय चीज हाय," ते म्हणाले. "आत कापूस हाय म्हनून मी घेतलं. पन पिंजारी म्हनते, धनुकलीवर घेतला का उडूनच जाते. मले सांगा, गादीत भरू का नको भरू?"

मी चाकूने जाकिटाची शिवण उसवली. आतला पुंजका बाहेर आला. मी चिमूट घेतली आणि माझ्या आधी माझ्या बोटांनी ओळखलं. पंचवीस वर्षं मी कापसाची पारख करतो आहे. चिमूट ओढायची, धागा किती लांब, किती चिवट ते पाहायचं आणि भाव सांगायचा, यावर माझं पोट आहे. कापूस बोटाला धरतो. हा धरत नव्हता. गुळगुळीत, रेशमासारखा, स्वतःचं वजन नसलेला. मी मूठभर घेऊन हौदात टाकला. तो बुडाला नाही, भिजलाही नाही, पाण्यावर कोरडा बसून राहिला. माणसं पुढे सरकली.

"हा कापूस न्हाय," मी म्हणालो. "झाडावरचा हाय. जावातल्या पांढऱ्या सावरीचा. उशीत भरा, गादीत गोळे होतीन."

"तुमाले काय बरोबर ठाऊक असते हो," उकंडराव म्हणाले, आणि खुशीत येऊन दोन जाकिटं मलाच देऊन टाकली. दुसरं जाकीट चाचपताना कापडाखाली काहीतरी कडक लागलं. उसवून पाहिलं तर मिऱ्याएवढं काळं बी. साफ करताना एखादं बी राहून जातं. जावातल्या आमच्या वखारीत असं बी सापडलं की मी साफ करणाऱ्या बायकांवर ओरडायचो. आता ते बी मी सदऱ्याच्या खिशात टाकलं. त्या खिशात एजंटाचा फॉर्म होता.

फॉर्मचं सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. मुंबईच्या एका बोटीच्या एजंटाने तो पाठवला होता. जावात अजून बंदुका चालू आहेत, पण माघात एक बोट तिथल्या बटाव्हिया बंदरापर्यंत जाणार, तिकडे ज्यांचं काही राहिलं आहे त्यांना जागा मिळेल, फॉर्म शनिवारपर्यंत पोचवावा. नाव, गाव, धंदा, जाण्याचं कारण, हे सगळं मी भरलं होतं. कारणापुढे लिहिलं होतं, 'चाळीस झाडं.' ते वाचून एजंट हसेल हे मला ठाऊक होतं. शेवटचा रकाना राहिला होता. 'सोबत येणाऱ्यांची नावं.' तिथे कोकिळेचं नाव घालावं की रेघ मारावी, हे ठरत नव्हतं. कोकिळा माझी बायको. ठरण्यासाठी तिला विचारावं लागणार होतं, आणि आमच्या घरात विचारण्याची पद्धत कधीच बंद पडली होती. दहा दिवस तो फॉर्म मी खिशात घेऊन फिरत होतो, आणि आज गुरुवार होता.

मी जावात गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मुंबईच्या एका पेढीला सावरीचा कापूस पारखणारा माणूस हवा होता, आणि देऊळगाव राजाच्या पंचक्रोशीत माझ्या बोटांचं नाव झालेलं होतं. जायच्या वेळी कोकिळेला सहावा महिना होता. मी सगळ्यांसमोर सांगून गेलो, पोर झालं की मला कळवा, नाव मी कळवीन, माझं पत्र आल्याशिवाय बारसं करायचं नाही. का सांगितलं असं? तेव्हा वाटलं, आपण दूर असलो तरी बाप आहोत हे घराला दिसलं पाहिजे. मला शहाणपण शिकवणारं कोणी नव्हतं असं नाही. आमची आशाबाई, माझी बहीण, म्हणाली होती, "दादा, बाराव्या दिशी नाव ठेवाचं असते. समिंदरापारून कधी नाव येत असते का?" मी तिला गप्प केलं होतं. आत्याचा मान मी माझ्या टपालात घातला.

पेढीचं मोठं घर समारांगला, बंदरात होतं. मला त्यांनी आत डोंगराच्या उतारावर करंगरेजो नावाच्या खेड्यात ठेवलं. साठ घरं, बांबूच्या भिंती, दारापुढे झाडून काढलेली लाल माती, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती झाडं. सरळ खोड, आडव्या फांद्या, वाळवणाच्या काठ्या बांधल्यासारख्या. त्या झाडाला तिथे जे नाव आहे ते आपल्याकडे शिवीसारखं लागतं, चारचौघांत उच्चारता येत नाही, म्हणून मी पांढरी सावरच म्हणतो. सारिनेम नावाच्या विधवेच्या घरी मी उतरलो. तिला सगळे 'म्बोक' म्हणत, म्हणजे आई. तिची मुलगी वागिनी गरोदर होती आणि जावई साखरेच्या कारखान्यावर जातो म्हणून गेला तो परत आला नव्हता. मला ते सगळे 'तुआन' म्हणत, म्हणजे साहेब. देऊळगाव राजात ज्याला चहा विचारत नाहीत तो तिकडे साहेब झाला. एकटेपणा मात्र साहेबालाही तेवढाच. संध्याकाळी सगळं खेडं आपापल्या भाषेत जेवायला बसायचं आणि मी पायरीवर बसून वऱ्हाडी बोलायचो, स्वतःशीच, हळू, जीभ गंजू नये म्हणून.

पत्र यायला महिना, जायला महिना. मुलगी झाली हे मला कळलं तेव्हा ती दीड महिन्याची होऊन गेली होती. त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. 'मुलीचे नाव रुख्मिणी ठेवावे.' ते पत्र बोटीत चढलं, आणि इकडे पोर बिननावाची पाळण्यात पडून राहिली. अडीच महिन्यांची होऊन तापात गेली. हे मला थोरल्या भावाच्या, इंद्रभानदादाच्या कार्डाने कळलं. तीन ओळी. आपल्याकडे असं कार्ड वाचून लगेच फाडायचं असतं, घरात ठेवायचं नसतं. मी ते फाडलं. तुकडे कुठे टाकावेत कळेना, कारण ते घर माझं नव्हतं. मुठीत धरून बसलो. सारिनेमने भात आणून ठेवला.

माझं पत्र तिकडे पोर गेल्यावर पोचलं असणार, एवढा हिशेब मला येत होता. नाव पोचलं, पोर नव्हती. यापेक्षा वाईट मला अजूनही काही सुचत नाही. मी त्या वर्षी परत यायला हवं होतं. आलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटली. आणि एकदा लाजेने माणूस थांबला की थांबण्याचीच सवय होते, हे मी कोणाला शिकवू?

कार्ड आल्यानंतर तीन आठवड्यांनी वागिनी बाळंत झाली. मुलगी. पहाटे सारिनेमने मला उठवलं आणि हातात मातीचं गाडगं दिलं. आपल्याकडे बाळंतपणानंतरची वार पुरायचं काम सुईणीचं, पुरुष त्या खोलीच्या वाऱ्याला उभा राहत नाही. तिथे ते बापाचं काम. बाप नव्हता. घरात पुरुष म्हणून मीच. मला वाटलं, म्हातारीला खड्डा खणायला माणूस पाहिजे, एवढंच. तिने सांगितलं तसं मी केलं. वार धुतली, गाडग्यात ठेवली, मीठ, तांदूळ, फुलं, सुई-दोरा घातला. मग तिने एक कागद पुढे केला. मुलीला अक्षरं यावीत म्हणून गाडग्यात काहीतरी लिहून घालतात. कोणती अक्षरं ते महत्त्वाचं नाही, लिहिणाऱ्याला जी येतात ती. वार म्हणजे त्यांच्या लेखी बाळाचं पाठचं भावंड. ते मातीत जातं आणि तिथून बाळाला सांभाळतं. मी पेन्सिल घेतली. 'श्री' लिहावं असं मनात होतं. हाताने लिहिलं, 'रुख्मिणी'.

त्या खेड्यात ते कोणालाच वाचता येत नव्हतं. सारिनेमने मान डोलावली, चांगलं अक्षर आहे म्हणाली. मुलगी म्हणून दाराच्या डाव्या हाताला पुरलं, वर भोकाची टोपली उपडी घातली आणि आत दिवा. तो दिवा पस्तीस दिवस, रोज दिवेलागणीला, पुरणाऱ्यानेच लावायचा असतो हे मला नंतर कळलं. मी लावला. एकही दिवस चुकवला नाही. आणि पस्तीस दिवसांनी सगळं खेडं मला 'तुआन' म्हणेनासं झालं. 'पाक' म्हणायला लागलं, म्हणजे बापा. बाळाचं नाव त्यांनी सुमी ठेवलं. मी काय करून बसलो हे तोवर कोणी मला समजावलं नव्हतं, आणि समजलं तेव्हा मला ते मोडायचं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात मी झाडं लावली. सरकारी कायद्याने परक्या माणसाला तिथे जमीन घेता येत नव्हती. पण झाड वेगळं, जमीन वेगळी. हे मला शिकवावं लागलं नाही. आमच्या गावाकडेही बांध चुलत्यांचा आणि त्यावरचा आंबा आमचा. गावच्या मुखियासमोर बोलणं झालं, माती सारिनेमची, झाडं माझी, बोंडं निम्मी-निम्मी. सुमीच्या दिव्यापासून सुरू करून ओढ्यापर्यंत चाळीस रोपं. पगारातून इकडे पाठवून जे उरायचं ते मी त्या मातीत घातलं, कुंपण, खत, पाण्याचा पाट. पेढीतले लोक हसायचे. सहा वर्षांनी पहिली बोंडं फुटली. झाडाखाली पांढरं पडलं होतं आणि सुमी त्यात लोळत होती. ती मला बापा म्हणायची. वागिनीशी माझं तसं काही नव्हतं. असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. बाई ठेवली म्हटलं की आपल्या लोकांना कळतं, शिव्या देऊन मोकळे होतात. दिवा लावला, हे कोणाला सांगणार?

लढाई दाराशी आली तेव्हा पेढीने आम्हाला शेवटच्या बोटीत घातलं. पुढच्या बोंडांना येतो, असं मी सारिनेमला म्हणालो. त्याला सहा वर्षं झाली. पत्रांची उत्तरं नाहीत. पेढी बुडाली. मी कोकिळेला देऊळगावाहून खामगावला आणलं, एक खोली घेतली आणि जिनिंगमध्ये लागलो. मी परत आलो तेव्हा तिचे केस पिकले होते. तिने मला पाणी दिलं, पायांवर ओतलं, आणि काही म्हणाली नाही. अजूनही म्हणत नाही. 'भाजी कोनती', 'तेल सरलं', 'दादाचं कार्ड आलं', एवढं आमचं बोलणं. या सहा वर्षांत तिने आमच्या पोरीचं नाव एकदाही घेतलं नाही. पोर, ते लेकरू, ती, असंच. ती मला शिक्षा देते आहे असं मी धरून चाललो होतो, आणि ती शिक्षा बरोबर आहे असंही. तिने तोंडावर चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या पायाशी बसलो असतो. शेजारच्या खोलीत पुष्पाबाईंच्या घरी नवरा-बायको भांडतात तेव्हा मी कान देऊन ऐकतो. हेवा वाटतो.

त्या गुरुवारी मी जाकिटं काखेत मारून घरी आलो. सूर्य मावळतीला टेकला होता. कोकिळा दारात तांदूळ निवडत बसली होती. मी जाकिटं पूर्ण उसवली आणि आतलं सगळं तिच्या शेजारच्या रिकाम्या सुपात ओतलं. तिने हात घातला आणि लगेच काढून घेतला.

"हा तं कापूस न्हाय," ती म्हणाली.

तिलाही कळलं. तिच्या बोटांना कळलं, आणि मला एवढं बरं वाटलं की मी तिथेच खाली बसलो. "जावाचा हाय," मी म्हणालो. "माह्या झाडांचा असन. का दुसऱ्याचा असन. तिकडं माही चाळीस झाडं हायेत."

"मालूम हाय मले. गाव सांगते." तिने पुन्हा हात घातला, या वेळी काढला नाही. "आन पोरगी हाय म्हनते."

"हाय."

"काय नाव तिचं?"

"सुमी."

"तुमची?"

"न्हाय."

आमच्या घरात इतकी वाक्यं एका जागी कधी पडली नव्हती. मी थांबलो असतो तर पुन्हा तेल सरलं, भाजी कोणती सुरू झालं असतं. म्हणून मी थांबलो नाही. गाडगं सांगितलं, मीठ-तांदूळ सांगितले, टोपलीखालचा दिवा सांगितला. पुरुषाने वार धुतली हे ऐकून तिने पदर तोंडाला लावला, पण उठून गेली नाही. फॉर्मही काढून तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही, म्हणून बोट ठेवून रकाना दाखवला, इथं सोबतच्या माणसाचं नाव लागते, शनिवारी द्यायचा हाय. तिने फॉर्म सुपाच्या कडेला ठेवला. तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

"गाडग्यात कागद घातला म्हन्ता. काय लिवलं त्याच्यात?"

"नाव."

"कोनाचं? सुमीचं?"

"आपल्या पोरीचं."

कोकिळेचा हात सुपात होता तसाच राहिला. ती बोलली तेव्हा तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"तिले नाव होतं?"

तिने पुन्हा तेच विचारलं, लहान मूल विचारतं तसं, "होतं का तिले नाव?"

"म्या पत्र पाठवलं होतं," मी म्हणालो.

"आल्तं पत्र. ती गेल्यावर तिसऱ्या दिशी. दादांनं उभ्याउभ्या वाचलं आन फाडलं. सुतकात आलेलं नाव घरात घेऊ नाही म्हनले. मी आतून आयकत होती. वाटलं, मोठ्यानं वाचतीन. न्हाय वाचलं. मंग कोनाले पुसू? तुमी बारा वर्सं आले न्हाय. आल्यावर पुसावं म्हनलं, तं तुमी बी तिचं कधी काही काढलं न्हाय. मले वाटलं, नाव ठेवलंच नसन तुमी. पोरगीच तं होती."

अठरा वर्षं. मी तिचा राग सांभाळत होतो आणि ती माझी बेफिकिरी. रागही नव्हता आणि बेफिकिरीही नव्हती. मी कापूस पारखणारा माणूस. चिमटीत धरून धागा सांगतो. एका खोलीत सहा वर्षं राहून मला माझ्या बायकोचं एवढं कळलं नव्हतं. मला रडायला आलं आणि मी रडलो. ती रडली नाही. माझं होईपर्यंत थांबली.

"सांगा आता," ती म्हणाली.

"रुख्मिणी."

तिने ओठ हलवले, आवाज काढला नाही. मग फॉर्म उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "जायाचं असन तं जा. तुमच्या झाडायले पाहा, त्या पोरीले पाहा. म्या आडवत न्हाय. पन हे नाव इथं ठेवून जा."

ती आत गेली. मी फॉर्म हातात घेऊन बसलो. तिकडे ओढ्यापर्यंत माझी झाडं असतील, किंवा कोणी तोडून जाळली असतील. सुमी अठरा वर्षांची झाली असेल, तिला एव्हाना दुसरा कोणी बाप म्हणायला मिळाला असेल, किंवा ती दर वर्षी बोंडं फुटली की रस्त्याकडे पाहत असेल. यातलं कुठलंही खरं असलं तरी मला ते सोसायचं होतं. पुढच्या बोंडांना येतो म्हणालो होतो. आयुष्यात दुसऱ्यांदा मी एका पोरीला वाट पाहायला लावून बसलो होतो. तरीही ते नाव इथे एकटं ठेवून मला जायचं नव्हतं. मी फॉर्म उभा फाडला, मग आडवा. सुतकाचं कार्ड फाडतात तसा. या वेळी तुकडे कुठे टाकायचे ते कळत होतं. आमच्या चुलीत टाकले.

दिवेलागण झाली होती. कोकिळेने चिमणी पेटवली, कोनाड्यात ठेवली आणि उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. रस्त्यावर पुष्पाबाईंच्या मुली धुळीत खेळत होत्या. मला वाटलं, ती ते नाव एकदा म्हणून पाहील, मी लिहिलं होतं तसं, पूर्ण, शुद्ध. अठरा वर्षं माझ्याकडे ते तसंच होतं, कागदावरचं. तिने एक हात चौकटीला धरला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल अशी हाक मारली.

"रुख्मे! ये वं घरात, दिवे लागले!"

खेळणाऱ्या मुलींनी माना वळवून पाहिलं. मीही रस्त्याकडे पाहिलं.